एकाच मापाचे जाळे

हिंदी महासागराच्या संशोधनाचा इतिहास वाचताना माझे मन वारंवार एका साध्या जाळ्यापाशी थांबते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, गोळा करण्यासाठी १९६०च्या दशकाच्या आरंभी ते वापरात आले. ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ रोनाल्ड करी यांनी त्याची रचना केली होती. तोंडाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर, जाळीची छिद्रे ०.३३ मिलिमीटरची, आणि वापरण्याची रीत ठरलेली: २०० मीटर खोलीपर्यंत सोडायचे आणि तेथून सरळ उभे वर ओढायचे. हे तपशील आज किरकोळ वाटतील. पण त्यापूर्वी प्रत्येक देशाचे जहाज आपापल्या विणीचे जाळे आपापल्या खोलीपर्यंत सोडत असे, त्यामुळे मुंबईसमोरच्या पाण्यात जीवसृष्टी अधिक आहे की मोझांबिकसमोरच्या, या प्रश्नाला खात्रीचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. दिसणारा फरक समुद्राचा आहे की जाळ्याचा, हे कोणालाही सांगता येत नव्हते. अनेक देशांनी आपली सवयीची जाळी बाजूला ठेवून हे एक जाळे हाती घेतले, ही घटना मला कित्येक करारांच्या स्वाक्षऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

हे जाळे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी तयार झाले होते. १९५७ साली स्थापन झालेल्या जागतिक समुद्रविज्ञान समितीपुढे सुरुवातीलाच प्रश्न आला, की एकत्र काम करायचे तर कोणत्या समुद्रात करावे. हिंदी महासागर निवडण्यामागे दोन शास्त्रीय कारणे होती. हा महासागर इतरांच्या तुलनेत फारच कमी अभ्यासला गेला होता; आणि येथील वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात व त्यांच्यामागून सागरी प्रवाहही उलटतात, असे एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे कोठे घडत नाही. तिसरे कारण माणसांचे होते. या महासागराच्या काठावरील देशांत प्रथिनांची टंचाई होती, आणि समुद्रातून अन्न मिळेल अशी आशा होती. १९५९ ते १९६५ या काळात डझनभराहून अधिक देशांची चाळीसच्या वर जहाजे या पाण्यात फिरली. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत ‘वित्याझ’ आणि अमेरिकन जहाजे एकाच कार्यक्रमात होती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची जुनी विहारनौका ‘अँटन ब्रून’ या नावाने संशोधननौका होऊन आली; ज्या डॅनिश शास्त्रज्ञाचे हे नाव, ते या कामाच्या उभारणीतील एक प्रमुख होते आणि मोहीम पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले. भारताकडून नौदलाची ‘किस्तना’, केरळातील ‘वरुणा’ आणि ‘काँच’, आणि ‘बांगडा’ नावाची एक मासेमारी नौका अशी चार जहाजे उतरली. मोठमोठ्या जहाजांच्या यादीत आपल्या ताटातल्या माशाचे नाव वाचून मला फार आनंद झाला होता, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

जाळ्यात आलेले नमुने कोठे जाणार, हा यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. तोपर्यंतचा रिवाज सरळ होता. ज्याचे जहाज, त्याचा नमुना. त्यामुळे पूर्वेकडील समुद्रांतले जीव युरोपातील संग्रहालयांच्या बरण्यांत जाऊन बसत आणि त्यांच्यावरचे ज्ञानही तेथेच तयार होई. या वेळी मात्र प्रमाणित जाळ्याने गोळा केलेले प्लवकांचे नमुने कोचीनला पाठवायचे ठरले. तेथे १९६२ साली युनेस्कोच्या साहाय्याने हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्र उघडण्यात आले आणि तरुण भारतीय संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करून त्याची वर्गवारी करू लागले. वर्गवारी झालेले गट मग जगभरच्या तज्ज्ञांकडे अभ्यासासाठी जात. काम अत्यंत कंटाळवाणे, डोळ्यांचा कस पाहणारे. पण याच कामातून भारतातील सागरी जीवशास्त्राची एक पिढी घडली, आणि मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. आरंभी दिल्लीत असलेली ही संस्था पुढे गोव्यात आली. दोनापावलाच्या टेकडीवरील तिची इमारत आज गोव्यात कोणालाही ठाऊक असते. मोहिमेची हवामानविषयक बाजू सांभाळणारे आंतरराष्ट्रीय केंद्र मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होते. म्हणजे मराठी मुलखालाही या मोहिमेचा वारसा थेट मिळालेला आहे, जरी आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

मला या सगळ्यातून जी गोष्ट सांगायची आहे ती अशी, की समुद्रावर उभे राहणारे अर्थकारण टिकवायचे असेल तर त्या समुद्राचे मोजमाप सामाईक असले पाहिजे आणि ते मोजमाप काठावरच्या माणसांच्या हाती राहिले पाहिजे. पकडण्याची साधने देणे सोपे असते. मोजण्याची साधने देणे, ती वर्षानुवर्षे चालवणे आणि आलेली आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवणे कठीण असते. सहकार्याच्या नावाखाली पहिली गोष्ट झाली आणि दुसरी मागे राहिली, तर काय होते याचे उदाहरण त्याच काळात आपल्याच किनाऱ्यावर घडले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि पुढील वर्षी केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. हेतू अत्यंत चांगला होता. होड्यांना इंजिने मिळावीत, बर्फाचे कारखाने निघावेत, गावांत आरोग्यकेंद्र आणि स्वच्छ पाणी यावे, मासेमारांचे उत्पन्न वाढावे. यांतील बरेच काही झालेही. पण काही वर्षांतच गोठवलेल्या कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि प्रकल्पाचे सारे वळण बदलले. तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले, बाहेरचे भांडवल आले, आणि ज्यांच्यासाठी हा प्रकल्प होता ते छोट्या होडीचे मासेमार आपल्याच किनाऱ्यावर मागे पडले. पुढची दोन दशके केरळात या दोन गटांत कडवा संघर्ष चालला आणि अखेर १९८८ साली तेथे पावसाळ्यातील ट्रॉलबंदी आली. कोळंबी किती आहे, ती कोठे वाढते, किती काढली तर चालेल, हे प्रश्न इंजिनाच्या आधी विचारायला हवे होते. नॉर्वेवर राग धरून उपयोग नाही. नॉर्वेजियन तज्ज्ञांनी स्वतःच या अनुभवाची पुढे फार प्रामाणिक चिकित्सा केली आहे.

त्या देशाने नंतर जे केले ते पाहा. १९७५ साली ‘डॉ. फ्रिट्योफ नान्सेन’ हे नॉर्वेत बांधलेले संशोधनजहाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेबरोबरच्या कार्यक्रमाखाली निघाले आणि त्याचे पहिले काम अरबी समुद्राच्या उत्तर व पश्चिम भागांतले होते. हे जहाज मासे विकण्यासाठी पकडत नाही. ध्वनिलहरी सोडून पाण्याखालच्या थव्यांची मोजणी करते आणि ती मोजणी त्या त्या किनाऱ्याच्या देशाला देते. आज त्याच नावाचे तिसरे जहाज काम करत आहे, आणि संयुक्त राष्ट्रांचा ध्वज असल्यामुळे शेजाऱ्यांचे एकमेकांशी पटत नसलेल्या पाण्यांतूनही ते ये-जा करू शकते. त्या सुरुवातीच्या फेऱ्यांत अरबी समुद्राच्या मधल्या अंधाऱ्या थरात बोटभर लांबीच्या, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेल्या कंदीलमाशांचा प्रचंड साठा आढळला. पुढे त्याचा अंदाज १० कोटी टनांच्या आसपास बांधला गेला. एवढा आकडा ऐकल्यावर कोणत्याही व्यापाऱ्याचे डोळे चमकावेत. पण हेच मासे रात्री वर येऊन चरतात आणि दिवसा खोल जातात, आणि जाताना वरचा कार्बन खाली नेतात. शिवाय मोठ्या माशांचे ते अन्न आहेत. आकड्याबरोबर ही माहितीही सर्वांच्या हाती असणे, आणि हाव सुटण्याआधी असणे, यात मला संशोधनाचे खरे मोल दिसते.

आता आपल्या जवळच्या पाण्याकडे येतो. गोव्यात कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, पंचवीसेक मीटर खोलीचे एक ठिकाण आहे. वरून पाहणाऱ्याला तेथे काहीही विशेष दिसणार नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ १९९७ पासून तेथे पुन्हा पुन्हा जाऊन वरपासून तळापर्यंतचे पाणी तपासत आले आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे पाणी वर सरकते. ते थंड असते, पोषकद्रव्यांनी भरलेले असते, पण त्यात प्राणवायू आधीच फार कमी असतो, कारण अरबी समुद्राच्या मध्यावर शे-दीडशे मीटरांच्या खाली प्राणवायूचा जवळजवळ अभाव असलेला एक विशाल थर आहे. त्याच वेळी पाऊस आणि सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या समुद्रावर गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतात आणि हा थर झाकणासारखा बसून वरची हवा खाली मिसळू देत नाही. पोषकद्रव्यांमुळे वाढलेले शेवाळ मरून तळाशी कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचे पाणी निष्प्राण होते, कधी त्यात हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर उथळ समुद्र वर्षातले काही महिने या अवस्थेत असतो. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या टंचाईच्या तीव्रतेबद्दल आणि तेथून हवेत जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडबद्दल लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष या किनाऱ्याकडे वळले.

मी कोकण किनाऱ्यावर वाढलो. नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या की एका वर्षी मासळी धक्क्यावर मावत नाही आणि दुसऱ्या वर्षी जाळी हलकी येतात, हे लहानपणापासून पाहिलेले आहे. त्याची कारणे बंदरावर सांगितली जात, ती बहुधा देवाची, दैवाची किंवा मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून काढणाऱ्या पर्ससीनवाल्यांची असत. शेवटच्या कारणात पुष्कळच तथ्य आहे. पण तळाशी श्वास घेण्यापुरती हवा नसेल तर मासा आपली जागा सोडून वर किंवा किनाऱ्याकडे सरकतो, काही काळ सोप्या रीतीने जाळ्यात येतो आणि ती सुबत्ता वाटते, हे कळायला कांदोळीसमोरच्या त्या नोंदी आवश्यक होत्या. एका वर्षाच्या मोहिमेतून हे कळले नसते. अशा दीर्घ नोंदींना पैसा मिळवणे किती अवघड असते, याची कल्पना संशोधनसंस्थांच्या बाहेर फारशी नसते. नवे जहाज पाण्यात उतरते तेव्हा मंत्री येतात, पण एकाच जागेचे पाणी तीनशेव्यांदा तपासायला निघालेल्या बोटीला निरोप द्यायला कोणी येत नाही.

प्राणवायूच्या या टंचाईचा आणखी एक परिणाम गोमंतकीय शास्त्रज्ञांनीच पुढे आणला. फेब्रुवारी-मार्चमध्ये अरबी समुद्राच्या उत्तर भागात आता ‘नॉक्टिल्यूका’ या एकपेशीय जीवाचे हिरवे पट्टे मैलोन्‌मैल पसरतात आणि रात्री ते पाणी निळसर चमकते. पूर्वी तेथे हिवाळ्यात प्रामुख्याने डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ वाढे, ज्याच्यावर माशांची अन्नसाखळी उभी असते. नॉक्टिल्यूका मात्र फारसे कोणी खात नाही. सॅल्प आणि जेलीफिश यांच्यासारखे प्राणी तो खातात, आणि ते आपल्या बाजारात चालत नाहीत. हेल्गा दो रोझारियो गोम्स आणि जोकिम गोएस यांनी, जे पूर्वी गोव्यातील संस्थेत होते आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, गोव्यातील एस. जी. प्रभू माटोंडकर आणि इतरांबरोबर २०१४ साली दाखवून दिले की या बदलाचा संबंध वर सरकणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्याशी आहे. पुढे ओमानमधील संशोधकांबरोबरही त्यांचे काम झाले. तेथे या पट्ट्यांचा त्रास मासेमारीबरोबरच समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांनाही होतो. गोव्यात घेतलेले नमुने, अमेरिकेतील प्रयोगशाळा, अवकाशातून घेतलेली चित्रे आणि ओमानचा किनारा हे सारे एकत्र आले नसते, तर यांपैकी कोणालाही एकट्याने हे चित्र पुरे करता आले नसते.

सहकार्यातून ‘करू नका’ असे उत्तरही येऊ शकते, आणि त्याची किंमत कमी नाही. २००९ साली गोव्यातील संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून दक्षिण महासागरात लोहाचे क्षार मिसळून पाहिले. लोह मिळाले की शेवाळ वाढेल, ते हवेतला कार्बन शोषेल आणि मरून खोल जाईल, असा तर्क होता, आणि त्या तर्कावर कार्बनचा व्यापार उभारायला काही खाजगी मंडळी अगदी उत्सुक होती. प्रयोगावर आक्षेप आले, जहाज समुद्रात असताना जर्मन सरकारने तो थांबवला, पुन्हा तपासून परवानगी दिली. निष्कर्ष असा निघाला की शेवाळ थोडेसे वाढले, ते लहान प्राण्यांनी खाऊन टाकले, डायटमांना लागणारे सिलिकेट त्या पाण्यात नव्हते आणि कार्बन जवळजवळ खाली गेलाच नाही. समुद्राला खत घालून पैसे कमावण्याच्या कल्पनेला जो मोठा धक्का बसला तो या प्रयोगाने दिला. असे अपयशी ठरलेले प्रयोग मला अत्यंत आदरणीय वाटतात.

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून आता मासेमारांना मराठीतही सूचना मिळतात, की अमुक अंतरावर, अमुक दिशेला मासळी मिळण्याची शक्यता आहे. उपग्रहावरून पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून हे क्षेत्र ठरवले जाते. त्यामागे आणि मोसमी पावसाच्या अंदाजामागे पाण्यातली निरीक्षणेही असतात: ३० च्या आसपास देशांनी मिळून सोडलेले जवळपास ४,००० ‘आर्गो’ तरंगक, जे दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोल जाऊन वर येतात आणि ज्यांची नोंद कोणालाही विनामूल्य मिळते. सोमालियासमोरील चाचेगिरीच्या वर्षांत पश्चिम हिंदी महासागरात संशोधनजहाजेच जाईनात, आणि नोंदींत पडलेली ती पोकळी अनेक देशांना जाणवली. आमच्या गावातले एक वयस्क तांडेल, ज्यांना सगळे आबा म्हणतात, या सूचनांवर खूश आहेत, कारण डिझेल वाचते. पण त्यांनीच एकदा मला विचारले, “मासो खंय गावतलो ता मोबाइलार येता, पण दर्यात उरलो कितको, ता कोण सांगतलो?”

या प्रश्नाचे उत्तर भारताकडे एकट्याकडे असूच शकत नाही, आणि येथे माझा आशावाद थोडा थबकतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात संशोधनासाठी किनाऱ्याच्या देशाची संमती आवश्यक झाली. नवस्वतंत्र देशांच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. पण त्यामुळे ‘वित्याझ’च्या काळासारखे कोठेही जाळे टाकणे आता शक्य नाही, शेजाऱ्यांचे संबंध बिघडले की विज्ञानाचीही वाट अडते. मोजणी सामाईक असूनही वाटणी तशी नसेल, तर तेही पुरत नाही. ईशान्य अटलांटिकमध्ये १९०२ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय परिषद दरवर्षी मॅकरेलच्या मर्यादेविषयी एक शास्त्रीय सल्ला देते, सर्व देश तो मान्य करतात, आणि मग प्रत्येक जण आपला हिस्सा एवढा ठरवतो की बेरीज सल्ल्याच्या पुढे जाते. २०१९ साली त्या माशाचे शाश्वततेचे प्रमाणपत्र स्थगित झाले, तेव्हा साठा घटल्याच्या अंदाजाबरोबर सल्ल्यापलीकडची ही पकडही त्याचे कारण होती.

आपल्याकडे अजून मोजणीचाच टप्पा बाकी आहे. कुपा आणि सुरमई या माशांसाठी हिंदी महासागर ट्यूना आयोग आहे, भारत त्याचा सदस्य आहे, आणि सुरमईच्या अवस्थेबद्दल त्याच्या शास्त्रीय समितीने अनेक वर्षे चिंता नोंदवली आहे. बंगालच्या उपसागरात भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव यांची एक आंतरसरकारी संघटना चेन्नईतून चालते. अरबी समुद्रात मात्र भारत, पाकिस्तान, इराण आणि ओमान यांनी एकत्र बसून लहान माशांची मोजदाद करावी, असे एकही व्यासपीठ नाही. सर क्रीकजवळ दोन्हीकडचे मासेमार पकडले जातात आणि तुरुंगात जातात, एवढेच आपले आदानप्रदान. ४ डिसेंबर २०१५ रोजी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे पहिले जहाज, ‘सागर निधी’, गोव्यातून मॉरिशसकडे निघाले, तेव्हा ही उणीव भरून निघेल असे मला वाटले होते. त्या मोहिमेने हवामान, प्रवाह आणि रसायने यांबद्दल बरेच दिले. मासळीच्या मोजणीचे काम मागेच राहिले.

ते सुरू करायचे तर बांगड्यापासून करावे, असे मला वाटते. बांगडा मस्कतच्या बाजारात मिळतो, कराचीच्या मिळतो, रत्नागिरी आणि मडगावच्याही मिळतो. त्यासाठी जहाज लागत नाही, कोणाच्या हद्दीत शिरण्याची परवानगी लागत नाही. प्रत्येक देशाने आपल्याच बंदरावर, आपल्याच मासळीची, पण ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या पट्टीने लांबी मोजायची, कानातल्या खड्यावरून वय काढायचे, जनुकीय तपासणीसाठी पराचा तुकडा ठेवायचा आणि नोंद एकाच नमुन्यातील तक्त्यावर उतरवायची आहे. ओमान आणि रत्नागिरीचा बांगडा एकाच कुळातला आहे की वेगवेगळ्या, याचा निवाडा त्यातून होऊ शकेल. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे भारताच्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नमुना-पाहणी कित्येक दशके करत आली आहेत, त्यामुळे आपल्या बाजूने हे काम पुढच्या हंगामापासूनही होऊ शकते. पलीकडच्या किनाऱ्यांना तक्ता पाठवून विचारायचे तेवढे राहिले आहे.